मागचा दिवा आधी

डावा इंडिकेटर दिला की मागचा पार्किंगचा दिवाही त्याच्या तालावर उघडझाप करतो. ब्रेक दाबला की लाल दिव्याबरोबर इंडिकेटरही अंधुक पेटतो. अशी एखादी पिकअप आमच्या जुन्नर तालुक्यात कुणाच्या ना कुणाच्या खळ्यावर उभी असतेच. मालकाने तोवर दोन्ही बल्ब बदललेले असतात, फ्लॅशर नवा घातलेला असतो आणि गोष्ट ‘आता सगळी वायरिंगच काढून टाकू’ इथपर्यंत आलेली असते. दुखणं मात्र बहुतेक वेळा एका गंजलेल्या बोल्टाखाली असतं. मागच्या दिव्यांच्या खोक्यातून अर्थची वायर येऊन चॅसीला कसलेली असते. तिच्या थिंबलखाली गंज धरला की करंटला परतीची वाट उरत नाही. मग तो शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा शिरतो आणि जो दिवा पेटायला नको तो पेटतो. बोल्ट खोलायचा, थिंबल आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासायचा, घट्ट कसायचं आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. एवढ्यावर गाडी शहाण्यासारखी वागू लागते.

मी ओतूरकडची. लग्नाआधी आयटीआयमधून वायरमनचा दोन वर्षांचा ट्रेड केला. सासरी टोमॅटो आणि कांदा, आणि माल वाहायला घरचीच पिकअप. गाडी आमचे हे चालवतात. हंगामात दिवसा नारायणगावच्या बाजाराला खेप असते आणि मुंबईचा भाव बरा असला की रात्री माळशेज उतरून मुरबाड-कल्याण करत वाशी. चालवणं त्यांच्याकडे, वायरिंग माझ्याकडे. दीर-पुतणे, शेजारचे ड्रायव्हर ‘वहिनी, जरा बघता का’ म्हणत गाड्या दारात आणून लावतात. पिकअपचं विजेचं बरंचसं काम थोड्या हत्यारांत घरी होतं, हे मी ठामपणे सांगू शकते. लोक ते उलट्या टोकाकडून सुरू करतात, याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. आधी कपाळावर एलईडीचा झगमगता पट्टा चढतो, आणि मागचे दिवे हंगामभर विझलेलेच राहतात.

घरची वीज आणि गाडीची वीज यांचा स्वभाव वेगळा आहे, तो आधी नीट समजून घ्यायला हवा. घरात २३० व्होल्ट असतात. तिथे ६० वॅटचा बल्ब पाव अँपिअरच्या आसपास करंट घेतो. गाडीत १२ व्होल्ट असतात, आणि तितक्याच ६० वॅटच्या हेडलाइटला पाच अँपिअर लागतात, म्हणजे जवळजवळ वीसपट. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात, या एका भागाकारावर गाडीचं निम्मं काम चालतं. १२ व्होल्टचा झटका सुक्या हाताला जाणवतही नाही, म्हणून माणसं बेफिकीर होतात. पण गाडीच्या बॅटरीतून शॉर्ट झाल्यावर क्षणात शेकडो अँपिअर वाहू शकतात. पाना प्लसच्या टर्मिनलवर असताना दुसरं टोक पत्र्याला टेकलं तर पाना लाल होतो, कधी चिकटतोही. घरात भीती माणसाला चिकटण्याची, गाडीत भीती आग लागण्याची.

म्हणून काम सुरू करताना बॅटरीचं मायनस आधी काढायचं आणि जोडताना ते शेवटी जोडायचं. मायनस काढताना पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही, कारण बॉडी स्वतःच मायनस आहे. ते सुटलं की मग प्लसला हात लावला तरी हरकत नसते. हातातलं धातूचं घड्याळ, अंगठी, पाटल्या काढून ठेवायच्या. बायांनी मंगळसूत्र पोलक्याच्या आत घ्यायचं, पुरुषांनी गळ्यातली चेन काढायची. मी बॉनेट उघडल्यावर पहिल्यांदा हेच सांगते, आणि कुणी हसलं तर काम पुढे करत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, दहा-बारा नंबरचे पाने, वायर सोलायची कात्री, चांगला क्रिंपिंगचा चिमटा आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प घरीच करावा: इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन लांब वायरी आणि टोकांना मगरी चिमटे. मीटर असताना तो कशाला, असं पोरं विचारतात. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही. दहा-बारा धागे तुटून एका धाग्यावर लटकलेली वायरही मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. त्याच वायरीला २१ वॅटचा बल्ब लावला की तो मरगळतो आणि वायरीचं खरं बळ दिसतं. नव्या गाडीच्या कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या बारीक वायरींना मात्र हा टेस्ट लॅम्प कधीही लावू नये. तिथे मीटरच.

बॅटरीची तब्येत बघायला मीटर उत्तम. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली, १२.२ आला तर निम्म्यावर उतरलेली. गाडी चालू केल्यावर तोच आकडा साधारण १३.८ ते १४.४ मध्ये यायला हवा, म्हणजे अल्टरनेटर चार्ज करतो आहे. गाडी चालू असतानाही आकडा बाराच्या खाली-वर घुटमळत असेल तर नवी बॅटरी विकत घेऊन काही उपयोग नाही, ती पण चार दिवसांत बसेल. आधी बेल्ट आणि अल्टरनेटर तपासावा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर केबल काढून गरम पाण्यात खायचा सोडा कालवून धुवावं. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.

अर्थची परीक्षाही मीटरनेच घ्यायची, पण दिवा पेटलेला ठेवून. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळं टोक बॅटरीच्या मायनसवर, लाल टोक बल्बच्या अर्थवर. चांगल्या अर्थला इथे जवळजवळ शून्य दिसतं. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढा जोर गंजाने खाल्ला असं समजावं. आमच्याकडच्या गाड्यांत हे इतकं सापडतं, कारण हौदा कधी कोरडा नसतोच. ओल्या क्रेट, फुटलेल्या टोमॅटोचं आंबट पाणी, खताची पोती, शेण, वर पावसाळा. हौदा धुताना पाण्याचा जोरदार फवारा थेट दिव्यांच्या खोक्यांवर मारतात, तोही टाळायला हवा.

दुसरं दुखणं जोडांचं. दोन वायरी पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली, की झालं, अशी सर्रास रीत आहे. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते आणि उघडं तांबं चॅसीला घासत राहतं. गाडी हादरते, घर हादरत नाही, हा फरक वायरमनसुद्धा विसरतात. म्हणून घराच्या फिटिंगमधली एकतारी जाड वायर गाडीत चालत नाही, ती हादऱ्याने आतून मोडते. पुष्कळ बारीक धाग्यांची लवचीक तांब्याची वायरच हवी. जोड क्रिंप करावा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. स्लीव्ह वायरीत आधी ओवायची असते, जोड झाल्यावर ती घालता येत नाही. सोल्डर वाईट नाही, पण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठर होते आणि नेमकी तिथेच तुटते, म्हणून मी क्रिंपलाच पसंती देते. वायर पत्र्याच्या भोकातून जात असेल तर भोकाला रबरी बुश हवाच. आणि सगळी वायर फ्लेक्सिबल पाइपात घालून सायलेन्सरपासून लांब, चॅसीला जागोजागी बांधलेली हवी. उंदरांचा उपद्रव असेल तर महिन्यातून एकदा तिच्यावरून टॉर्च फिरवून बघावं.

फ्यूजबद्दल थोडं कडक बोलते. फ्यूज दिवा वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. तो उडाला याचा अर्थ त्याने आपलं काम केलं. त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याचा तुकडा घालणाऱ्याने आता वायरीलाच फ्यूज केलेलं असतं, आणि ती जळेल तेव्हा शेजारी डिझेलची नळी असू शकते. फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा, वीसचा पिवळा, तीसचा हिरवा. लाल उडतो म्हणून हिरवा घालणं हे दुरुस्तीत मोडत नाही. दिव्याचा करंट काढावा, त्यावर सव्वापटीच्या आसपास फ्यूज घ्यावा, आणि वायर त्या फ्यूजपेक्षा नेहमी दणकट ठेवावी.

आता जादा दिव्यांकडे येते, कारण पोरांचा सगळा जीव त्यातच असतो.

आधी जे दिवे गाडीला आहेत त्यांचा प्रकाश पूर्ण मिळतो का, ते बघा. ठिबकच्या लांब, बारीक नळीच्या शेवटच्या झाडाला जसं पाणी कमी पडतं, तसंच लांब, बारीक वायरीच्या टोकाच्या दिव्याला व्होल्टेज कमी पडतं. ५५ वॅटचे दोन हॅलोजन मिळून नऊ अँपिअरच्या वर करंट घेतात. तो एक चौरस मिलिमीटरच्या वायरीतून जाऊन-येऊन दहा मीटर नेला तर वाटेत दीड व्होल्ट खर्च होतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर तोच खर्च सुमारे ०.६ व्होल्टवर येतो. दीड व्होल्ट म्हणजे बाराचा आठवा हिस्सा, त्यात काय मोठंसं, असं वाटेल. पण हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी झपाट्याने घटतो. दीड व्होल्ट गेला की प्रकाशाचा तिसरा हिस्सा जातो. जुन्या पिकअपमध्ये हेडलाइटचा सगळा करंट स्टेअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो, म्हणून दिवे पिवळट, थकलेले दिसतात. मालक मग ६०/५५ वॅटचा बल्ब काढून १०० वॅटचा घालतो, करंट आणखी वाढतो, वायर आणखी तापते आणि एक दिवस होल्डर वितळतो. त्याऐवजी रिले लावून बॅटरीपासून थेट जाड वायर दिली तर तोच जुना बल्ब झळझळीत पेटतो.

रिलेला लोक उगाच घाबरतात. बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा तो स्विच आहे, एवढंच. त्याच्या पायांवर आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीच्या प्लसकडून येणारी जाड वायर, आणि त्या वायरीत बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. ८७ वरून दिव्याकडे जाणारी जाड वायर. ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची टोकं: एक अर्थला, दुसरं डॅशबोर्डवरच्या स्विचकडून येणाऱ्या बारीक वायरीला. स्विच दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज आला आणि दिवा पेटला नाही, तर कॉइल ठीक आहे, दोष ३० किंवा ८७ च्या बाजूला. आवाजच आला नाही, तर स्विच किंवा ८५-८६ बघायचं. दिव्याची अर्थ शक्य तिथे वेगळ्या वायरीने चांगल्या बोल्टापर्यंत न्यावी, दिव्याच्या गंजक्या क्लॅम्पवर विसंबू नये. स्विचची बारीक वायर पार्किंग लाइटच्या सर्किटमधून घेतली की गाडी बंद करून उतरताना जादा दिवा चालू राहून बॅटरी बसायची भीती कमी होते.

एलईडीने हे काम हलकं केलं आहे. वीस-वीस वॅटचे दोन एलईडी दिवे मिळून साडेतीन अँपिअरच्याही आत राहतात. आमच्या गाडीला केबिनच्या मागे, हौद्याकडे तोंड करून असा एक दिवा आहे. रात्री बांधावर क्रेट भरताना त्याची खरी किंमत कळते. हात मोकळे राहतात, मजुरांना पायाखालचं दिसतं. आमच्याकडे उसाच्या फडातून बिबट्या निघतो, तिथे भरणी करणाऱ्या बायांना चहूबाजूला उजेड असणं ही चैन नव्हे. हा दिवा फक्त उभ्या गाडीत वापरायचा. चालत्या गाडीत तो मागच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो, म्हणून त्याचा स्विच वेगळा आणि त्यावर छोटा लाल इंडिकेटर असावा, म्हणजे चुकून चालू राहिला तर समोर दिसतो.

पुढच्या दिव्यांबाबत माझं मत मोटारवाल्या पोरांना आवडत नाही, तरी सांगते. टपावरचा एलईडी पट्टा रस्त्यासाठी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत समोर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसवायला मनाई आहे, अपवादात्मक कारणासाठी नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. पण नियम बाजूला ठेवला तरी माळशेजच्या धुक्यात तो पट्टा चालकाचंच नुकसान करतो. उंचावरून पडलेला प्रकाश धुक्याच्या कणांवर आपटून परत डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अप्पर लावल्यावरही तेच होतं. धुक्यात डिप्पर, आणि बंपरच्या पातळीला खाली बसवलेले, वरची कड सरळ कापलेला रुंद झोत टाकणारे फॉग लॅम्प. रंग पिवळा की पांढरा यावर गावात वाद झडतात. मला विचाराल तर झोताचा आकार आणि बसवायची उंची यांना जास्त महत्त्व आहे.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये थेट एलईडीचा बल्ब घालण्याचीही लाट आली आहे. तो रिफ्लेक्टर हॅलोजनची तार नेमकी कुठे आहे हे धरून घडवलेला असतो. एलईडीच्या चकत्या त्या जागी नेमक्या बसल्या नाहीत तर प्रकाश चहूकडे उधळतो: चालकाला जवळचं लख्ख दिसतं, लांबचं कमी, आणि समोरचा बिचारा आंधळा होतो. इंडिकेटरमध्ये २१ वॅटच्या जागी एलईडी घातला की तो दुप्पट वेगाने फडफडतो, कारण करंट घटल्यामुळे फ्लॅशरला बल्ब उडाल्यासारखं वाटतं.

दिव्यांचा कोन लावण्याकडे तर जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही. पिकअप रिकामी असताना कोन बरोबर असतो. टनभर माल चढला की मागचे पाटे बसतात, नाक वर होतं, आणि डिप्परही समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. घाटात समोरून येणारा क्षणभर काहीच पाहू शकत नाही. काही गाड्यांत डॅशबोर्डवर झोत खाली करायची चकती असते, तिच्याकडे ड्रायव्हर वर्षानुवर्षं बघत नाहीत. ती नसेल तर गाडी भरल्यावर सपाट जागी, भिंतीपासून दहा मीटरवर उभी करावी. हेडलाइटची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखावी आणि डिप्परची वरची कड त्या रेघेच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली येईल असा स्क्रू फिरवावा. हे काम शाळेच्या भिंतीवर संध्याकाळी सहज होतं.

नव्या गाड्यांत थोडं सांभाळून. एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या. त्यांत वायरींचं जाळं दाट आहे आणि बरेचसे कारभार कॉम्प्युटर बघतो. अशा गाडीत मूळ वायर सोलून मध्येच जोड मारू नये. जादा दिव्याचा रस्ता बॅटरीपासून संपूर्ण वेगळा ठेवावा. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हातही लावू नये. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कागद वाचावा. आणि हौद्याला जाळी किंवा अँगल वेल्डिंग करायचा असेल तर बॅटरीचं मायनस काढल्याशिवाय वेल्डरला होल्डर हातात घेऊ देऊ नये. वेल्डिंगचा अर्थही जोडाच्या अगदी जवळच लावून घ्यावा.

हे सगळं करूनही शेवटी मी मागच्या दिव्यांवरच येते. पुढचा दिवा कमी असेल तर चालक वेग कमी करतो, त्याच्या हातात काहीतरी असतं. मागचा दिवा विझलेला असेल तर त्याला स्वतःला ते कळतच नाही, आणि मागून येणाऱ्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. ऊस वाहतुकीच्या दिवसांत रात्री रस्त्यावर बिनदिव्याच्या ट्रॉल्या बघून अंगावर काटा येतो. पिकअपवाल्यांनी तरी त्या रांगेत जाऊ नये. मागच्या दिव्यासाठी बल्ब, अर्थचा एक बोल्ट आणि फार तर मीटरभर वायर लागते. त्याच्या जोडीला हौद्याच्या फळीवर लाल रिफ्लेक्टर टेप, बाजूंना पिवळी. ती टेप करंटशिवाय चालते, म्हणून बॅटरी बसलेली गाडीही रात्री रस्त्याकडेला दिसते. फक्त तिच्यावरची चिखल-माती पुसायला हवी, आणि क्रेट झाकायची ताडपत्री तिच्यावर लोंबू देऊ नये.

एलईडीचा पट्टा घ्यायचा विचार असेल तर महिनाभर थांबा. आज माल भरायच्या आधी घरातल्या कुणाला तरी केबिनमध्ये बसवा आणि तुम्ही मागे उभे राहा. पार्किंग, डावा, उजवा, ब्रेक, रिव्हर्स, प्रत्येक दिवा लावायला सांगा, आणि ब्रेक व इंडिकेटर एकत्र लावूनही बघा. एक जरी दिवा चुकला तर गाडी बाहेर काढू नका, दहा नंबरचा पाना घ्या आणि अर्थच्या बोल्टापासून सुरुवात करा.